साफ नावाचं बटण

शालिकराम सोनकुसऱ्याला दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघवत नसे. हे त्याच्या तोंडावर सांगायची तांडापेठेत कुणाची छाती नव्हती, पण पाठ वळली की सगळे बोलत. शेजाऱ्याकडे टीव्ही आला तर याला चित्रापेक्षा पडद्यावरच्या मुंग्याच जास्त दिसायच्या. वर्गातला मित्र रेल्वेत लागला तेव्हा हा म्हणाला, "लागला असंन, पण ड्युटी इटारसीले हाये." लहानपणी मोठ्या भावाच्या ताटात भाजी जास्त पडली म्हणून हा उपाशी उठायचा. भावाचं काय गेलं? त्याला याच्या वाटणीची पण मिळायची.

माणूस तसा वाईट नव्हता हो. पान नाही, बिडी नाही, हातातलं काम पुरं केल्याशिवाय जागचा उठणार नाही. पण ही एक खोड, आणि ती अशी मुरलेली की शेवटी स्वतःच्या बायकोवर जळायला लागला. बायकोवर! शेजाऱ्यावर जळणारे पुष्कळ पाहिले, पण घरच्या माणसावर जळून रोज तिच्याच हातचं जेवणारा हा एकटाच.

त्याचंही मूळ आहे. शालिकचा बाप धोंडबा मागावरचा जुना माणूस. पन्नास वर्षं खड्ड्यात पाय सोडून नागपुरी साड्या विणल्या, शेवटी मोतीबिंदूनं डोळे गेले. शालिकला त्यानं मागावर बसवून पाहिलं होतं, पण पोराच्या हातात धागा टिकेना. तुटला की सांधता येईना, सांधला की गाठ सुपारीएवढी. धोंडबा चिडून म्हणायचा, "याच्या बोटाले डोळेच नाईत." ते वाक्य शालिकच्या काळजात जाऊन बसलं. पुढं लग्न झालं. चंद्रकला उमरेडची, तीही विणकराचीच लेक. तिचा बाप साडीच्या काठांची नक्षी चौकटीच्या कागदावर काढायचा आणि ती शाळेतून आली की त्याच्याजवळ बसून चौकटी भरायची. सासरी येऊन तीन दिवस झाले नाहीत तोच तिनं सासऱ्याच्या मागावरचे तुटलेले सात-आठ धागे बसल्या बसल्या सांधले. धोंडबानं वरून बोट फिरवलं, गाठ काही सापडली नाही.

"पाह्य गा शालिक," म्हातारा म्हणाला, "सुनेच्या बोटाले डोळे हायेत."

झालं. नव्या नवरीचं कौतुक ऐकून नवरा खुश व्हायचा सोडून रुसून बसला.

बोटांचा जिथं संबंध नाही असं काहीतरी करून दाखवायचं, हे त्यानं तेव्हाच मनाशी धरलं. बी.एस्सी. झालाच होता. सीताबर्डीत एका कापडाच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर कॉम्प्युटरचा क्लास निघाला, तिथं जोडे बाहेर काढून आत बसायचं. शालिक सगळ्यांच्या आधी येई आणि सगळ्यांच्या नंतर जाई. १९८८ मध्ये विणकर सोसायटीत एक कॉम्प्युटर आला, सहा महिन्यांच्या बोलीवर. मुंबईची कंपनी म्हणाली, चालवून पाहा, पटला तर ठेवा, नाही तर परत करा. सोसायटीचे मॅनेजर मनोहरराव. त्यांनी साऱ्या तांडापेठेत शोधलं आणि कॉम्प्युटर येणारा माणूस सापडला एकच.

"शालिक, हे डबडं आपल्याले समजत नाई," मनोहरराव म्हणाले. "सहा महिन्यांनी दिल्लीची कमिटी येईन. त्याइले यावर काढलेल्या काठाची एक साडी दाखवायची. पसंत पडली त मशीन बी राहते अन् तूही पक्का. नाई पडली त दोघंही जाता."

काम काय होतं ते सांगतो, म्हणजे पुढं घोटाळा नको. काठाची नक्षी चौकटीच्या कागदावर असते. काळी चौकट म्हणजे नक्षीचा धागा वर, पांढरी म्हणजे खाली. त्या कागदावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडतात, पट्ट्या मागावर चढतात आणि साडीत तशी नक्षी उतरते. एक कागद हातानं भरायला पंधरा-पंधरा दिवस जायचे. शालिकनं असा प्रोग्राम लिहायला घेतला, की साबणाच्या वडीएवढं एक यंत्र जुन्या कागदावरून ओढायचं आणि नक्षी पडद्यावर यायची. मग तिथंच ती दुरुस्त करायची, मोठी करायची, छापायची. पडद्यावर त्यानं बटणं काढली. मराठी अक्षरं त्या मशीनला येत नव्हती, म्हणून यानं एकेक ठिपका मांडून अक्षरांची चित्रंच केली: 'उचल', 'उलटा', 'साफ', 'छाप'. माउसचा बाण बटणावर न्यायचा आणि दाबायचं. लोक बघायला यायचे. शालिक तेव्हा असा बसायचा जणू विमान चालवून राहिला.

आणि पहिल्या झटक्याला 'उलटा'नं दगा दिला. साडीला दोन काठ, एकमेकांकडे तोंड केलेले. म्हणून एका काठाची नक्षी उलटी करून दुसऱ्यासाठी छापायची. शालिक बटण दाबी. कधी नक्षी उलटी होई, कधी ढिम्म हलत नसे. लोकांसमोर तर हमखास हलत नसे. आठ दिवस त्यानं प्रोग्रामची ओळ न् ओळ तपासली. उलटं करायचा हिशेब कागदावर मांडून पाहिला, तो बरोबर. माउस बदलून पाहिला, तारा काढून पुन्हा लावल्या, पडद्याला उदबत्तीसुद्धा ओवाळून झाली. घोडं कुठं पेंड खातं ते कळेना.

चंद्रकला दुपारी डबा घेऊन यायची आणि तो जेवेपर्यंत दाराजवळच्या स्टुलावर बसायची. नवव्या दिवशी ती म्हणाली, "अहो, बटन दाबल्यावर तुमी बोट लवकर उचललं की उलटते. दाबून धरलं की कवा होते, कवा नाई होत."

"मंग?"

"मागावर पायाखालच्या पावडीवरून पाय उचलल्याशिवाय दुसरी पावडी होत नाई ना जी. याले कोनी सांगितलं का, पाय उचलेपर्यंत थांब म्हनून? तुमी दाबून धरता तेवढ्या वेळ तो उलटा-सुलटा, उलटा-सुलटा करतच रायते असंन."

शालिकनं हातातला घास परत डब्यात ठेवला. तिनं बरोबर नस पकडली होती. बटण दाबलेलं आहे का, एवढंच प्रोग्राम विचारत होता आणि बोट वर जाईपर्यंत वीस वेळा विचारत होता. वीस वेळा उलटलं की चित्र जिथल्या तिथं, एकवीस वेळा उलटलं की उलटं! बी.एस्सी. झालेल्या माणसाला आठ दिवसांत दिसलं नाही ते चौथी शिकलेल्या बाईला पायातल्या पावडीवरून दिसलं.

आता कुणी म्हणालं असतं, वा गं माझी राणी. हा काय म्हणाला? "तुले काय समजते त्यातलं? डबा घे अन् जा." ती गेली. यानं दार लावून बोट उचलेपर्यंत थांबायच्या दोन ओळी घातल्या आणि बटण सुतासारखं सरळ झालं.

दुसऱ्या दिवशी मनोहररावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "शालिक, बायको मोठी हुशार हाये गा तुही! पावडीवरून पकडलं म्हनते!"

शालिकच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे ही सांगून आली! मॅनेजरला जाऊन सांगून आली! घरी येऊन त्यानं चप्पलही काढली नाही. "उद्यापासून ऑफिसात पाय ठेवायचा नाई. डबा म्या सकाळीच घेऊन जाईन. अन् माह्या कामातलं म्या विचारल्याशिवाय एक शब्द बोलायचा नाई. समजलं का?"

चंद्रकला भाकरी थापत होती. तिनं वर पाहिलं, काहीतरी ओठावर आलं असावं, ते तिनं परत आत ढकललं. "बरं," म्हणाली.

एवढ्यावर शहाणा माणूस थांबला असता. पण याला आता सगळ्यांच्या नाकावर टिच्चून करून दाखवायचं होतं, तेही एकट्यानं. कमिटीसाठी त्यानं जुना चिंचपानी काठ निवडला. कागद तीस वर्षांचा, डाग पडलेला, धुळीनं भरलेला. यंत्र फिरवलं की नक्षीबरोबर धूळही पडद्यावर येई, इथं एक काळा ठिपका, तिथं एक. त्यासाठी शालिकनं 'साफ' बटण केलं. ज्या काळ्या ठिपक्याच्या आजूबाजूला दुसरा काळा ठिपका नाही तो कचरा, पुसून टाकायचा. काळ्याच्या मधोमध एकटा पांढरा असेल तर तोही कचरा, भरून टाकायचा. दाबलं बटण. सगळं मळभ गेलं, चिंचेची पानं अशी लख्ख निघाली की शालिकचे डोळे पाणावले. हे सगळं माझं आहे, असं त्याला पहिल्यांदाच वाटलं.

कागद छापला, पट्ट्या झाल्या, सोसायटीच्या मागावर चढल्या. विणायला बाबूलाल, कामठीचा, हाताचा पक्का. दुसऱ्याच दिवशी तो हात थांबवून म्हणाला, "शालिकभाऊ, धागा लांब-लांब जाऊन राहिला ना."

"कागदावर हाये तेवढं विण," शालिक म्हणाला. "कागद मशीनचा हाये, तुह्या-माह्या हातचा नाई."

बाबूलालनं खांदे उडवले आणि विणायला लागला. मशीनपुढं आपण कोण बोलणारे, असे ते दिवस होते.

वीतभर काठ विणून झाला तसा शालिकनं तो नमुना मागावरून कापून घरी आणला. आणायला नको होता, पण बापाला दाखवायची हौस आवरेना. धोंडबानं मांडीवर घेऊन बोटं फिरवली. बोटं आता घट्ट्यांनी दगड झालेली. "गुळगुळीत लागते बाप्पा," म्हातारा म्हणाला. शालिकची छाती फुगली. आणि त्याच क्षणी म्हाताऱ्यानं तो तुकडा शेजारी सरकवला. "चंद्रकला, पाह्य वं माय. तुह्या बोटाले डोळे हायेत."

चंद्रकलानं तुकडा हातात घेतला, वरून पाहिला नाही, सरळ उलटा केला. मागच्या बाजूवरून नख ओढलं. नख अडकलं. तिनं पुन्हा एकदा ओढून पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं.

"सांगू का?" ती म्हणाली.

एक शब्द होता हो. 'सांग' एवढाच. पण शालिकला तिच्या मांडीवर आपला काठ दिसला, बापाचा तिच्याकडे वळलेला कान दिसला. त्यानं तुकडा हिसकावून घेतला. "म्या विचारलं का तुले?"

"नाई," ती म्हणाली, आणि उठून चुलीजवळ गेली.

कमिटीचा शनिवार आला. नव्या साडीची घडी पहिल्यांदा आपल्या माणसानं मोडावी ही आपल्याकडची रीत. मनोहररावांनी आठवडाभर आधीच ठरवलं होतं, की नव्या काठाची घडी शालिकच्या बायकोनं मोडावी, विणकराचीच लेक, कमिटीलाही बरं दिसेल. शालिक म्हणाला, "तिले सवड नाई." आणि नाव सुचवलं पुष्पलताचं. पुष्पलता ऑफिसातली टायपिस्ट, साधी पोर, चार लोकांपुढं उभं राहायचं म्हटलं की तिचे कान लाल व्हायचे.

हॉलमध्ये कमिटीची पाच माणसं बसली, मागं सोसायटीचे विणकर उभे. शालिकनं 'उलटा' दाखवला, 'साफ' दाखवला, लोकांनी माना डोलावल्या. मग पुष्पलता साडी नेसून आली. काठ काय चमकत होता! कमिटीतल्या एका बाईंनी चष्मा पुसून पाहिलं. "हातच्या कामापेक्षा स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. शालिकला वाटलं आपण जमिनीच्या वर वीतभर उचललो गेलो. दाराशी चंद्रकला हवी होती, असंसुद्धा वाटलं. दिसलं असतं तिला.

"जरा चालून दाखव बेटा," बाई म्हणाल्या.

पुष्पलता चार पावलं चालली. पाचव्याला तिच्या पैंजणाचा घुंगरू काठाच्या मागच्या धाग्यात अडकला. तिनं पाय सोडवायला झटका दिला, तसा चर्र आवाज झाला आणि काठ हातभर गोळा होऊन आला, पिशवीची नाडी ओढावी तसा. ती घाबरून वाकली, तर बांगड्या पदरात अडकल्या. आता इकडून ओढलं की तिकडची पानं चुरगळत होती. पोरगी मधोमध उभी राहून रडायला लागली. विणकरांतली एक म्हातारी पुढं झाली आणि तिला झाकून आत घेऊन गेली.

मशीन परत, हे कमिटीनं चहा घेता घेता ठरवलं. मनोहररावांनी साडीचा बोळा शालिकच्या हातात कोंबला. "घे, तुही तू घेऊन जा," म्हणाले.

रविवारी दुपारी चंद्रकला उजेडाला दारात बसली, ती साडी मांडीवर घेऊन. सुईनं एकेक ओढलेला धागा मागं सारत होती, आणि जिथं लांब सुटला होता तिथं कापडाला बारीक टाका घालून बांधत होती. शालिक खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"आता सांगू का?" ती म्हणाली.

तो उठून बसला. "सांग."

"काठात एकटा-एकटा ठिपका असते ना जी, तो कचरा नसते. तो टाका असते. धागा लांब सुटू नये म्हनून तिथं कापडाले बांधते. बाबा माहे मले तेच ठिपके भरायले बसवत. तुमी ते सगळे पुसले."

"धूळही तशीच एकटी असते. मशीनले कसं समजंन?"

"धूळ कुठंही पडते. टाका मोजून पडते."

शालिकनं मनातल्या मनात हिशेब मांडला. धूळ कुठंही पडते, टाका मोजून पडतो. ज्या ठिपक्याला ठराविक अंतरावर जोडीदार आहे तो ठेवायचा, ज्याला नाही तो पुसायचा. चार ओळी! चार ओळींचं काम होतं, आणि ते त्याच्या घरात, चुलीपासून दोन हातांवर, आठ दिवस वाट पाहत बसलं होतं. आणि खरं सांगायचं तर, एवढं होऊनही त्या क्षणी त्याच्या पोटात दुखलंच. हे हिला कसं सुचतं, मला काहून नाही?

"मनोहररावले पावडीचं सांगायले धावली होती," तो कडू तोंडानं म्हणाला. "हे काहून नाई सांगितलं त्याइले?"

चंद्रकलाची सुई थांबली. "म्या कवा सांगितलं? ते खिडकीशी उभे होते, त्याइनं ऐकलं. म्या त उलटं म्हटलं, हे ह्याइच्याच डोक्यातलं हाये, म्या आपली डबा घेऊन आली. अन् तुमाले बी त्या दिवशी सांगनार होती. पन तुमी म्हटलं, विचारल्याशिवाय बोलू नको."

तिनं सुईत नवा धागा ओवला. तो रडला, तोंडावर टॉवेल घेऊन, आवाज न करता.

सोमवारी सकाळी सोसायटीच्या दारात मेटॅडोर उभी होती. मशीनचं खोकं अर्धं बांधून झालं होतं. शालिकनं मनोहररावांचा हात धरला, सगळ्या विणकरांच्या देखत. "साहेब, चूक मशीनची नव्हती, माही होती. बाबूलालनं सांगितलं, म्या ऐकलं नाई. बायकोले समजलं होतं, म्या तिले बोलू देल्लं नाई. जळत होतो म्या तिच्यावर. एक तास द्या, नीट करून दाखवतो."

मनोहररावांनी त्याच्याकडे पाहिलं. मग हात सोडवून घेतला, पण हळूच. "हे शुक्रवारी बोलला असता त?" ते म्हणाले. कमिटी दिल्लीला गेली होती, कागदावर सह्या झाल्या होत्या. मेटॅडोर गेली. शालिकच्या चार ओळी त्याच्या वहीतच राहिल्या.

पुढं सीताबर्डीच्या त्याच क्लासात त्याला शिकवायचं काम मिळालं. शिकवतो चांगला. एखाद्या पोरानं त्याच्याआधी चूक शोधली की मिनिटभर तोंड आंबट होतं, मग म्हणतो, "सांग, सांग."

ती साडी कुणी विकत घेणार नव्हतंच. दुसऱ्या वर्षी उमरेडला भाचीच्या लग्नात चंद्रकलानं ती नेसली. घडी तिच्याच अंगावर मोडली शेवटी. मांडवात बायका काठ धरधरून बघत होत्या, कुठून आणली वं, कुणी काढला काठ? चंद्रकला म्हणाली, "ह्याइनं काढला. मशीनवर."

शालिक शेजारीच पुरुषांच्या पंगतीत बसला होता. त्याला ते ऐकू गेलं. आयुष्यभर ज्या एका वाक्यासाठी तो जळला ते वाक्य भर मांडवात, बायकोच्या तोंडून, चारचौघींत पडलं होतं. नुसतं जेवत बसला असता तरी चाललं असतं. तो ताटावरून उठला, उष्टा हात तसाच धरून बायकांकडे गेला. डाव्या हातानं तिच्या पदराचा काठ धरला आणि सगळ्यांसमोर उलटा केला. मागं तिचे बारीक टाके होते, मोजून घातलेले, शेकड्यानं.

"वरून काय पाहता?" तो म्हणाला. "इकडून पाहा."